काठी बाहेर ठेवून आत जा

'खेदाने कळविण्यात येते की' या चार शब्दांवर माझं घर चाललं. पत्रात हे शब्द वाचले की लोकांच्या पोटात गोळा येतो. मला मात्र ते दिसले की काम आलं म्हणून बरं वाटायचं. निवृत्तीनंतर आता हे कबूल करायला हरकत नाही.

मी माजी सैनिकांची अपिलं लिहीत असे. आधी फौजेत कारकून, तिथून सुटल्यावर नांदेडला माजी सैनिकांच्या एका कार्यालयात कारकून, मध्ये चार वर्षं लातूरला, तिथेही कारकूनच. बंदुकीपेक्षा टाचणीच जास्त चालवली. तरी बिलोली तालुक्यातल्या माझ्या गावी मला सगळे 'मेजर' म्हणतात. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, मग तो आचारी म्हणून का सुटलेला असेना. मी ते कधी दुरुस्त करायला गेलो नाही.

बाहेरच्या माणसासाठी हा धंदा थोडक्यात सांगतो. फौजेत असताना माणूस जायबंदी झाला किंवा त्याला कायमचं दुखणं जडलं, तर त्याला अपंगत्वाची वेगळी पेन्शन मिळते. पण त्याआधी डॉक्टरांचा बोर्ड दोन गोष्टी बघतो. हे दुखणं नोकरीमुळे आलं का? आणि ते किती टक्के आहे? टक्के विसाच्या खाली आले की खेदाने कळविण्यात येतं. मग माणूस पत्र घडी करून खिशात घालतो आणि माझ्यासमोर येऊन बसतो. पहिलं अपील, ते फेटाळलं तर दुसरं, तेही फेटाळलं तर न्यायाधिकरण. लोकांना वाटतं अपील म्हणजे भांडण. तसं नाही. भांडायला आवाज लागतो, अपिलाला समास सोडावा लागतो.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. उदगीरकडचे एक सुभेदार होते. हेल्मेटमुळे टक्कल पडलं म्हणून पेन्शन मागायला आले. स्वतःच्या हातानं चार पानं लिहिलेली, भरतीच्या वेळचा झुपकेदार केसांचा फोटो वर टाचलेला.

"केसाचे टक्के किती धरतेत, साहेब?" त्यांनी विचारलं.

"तुमचे शंभर टक्के गेलेत हे मी लिहून देतो," मी म्हणालो, "पण पेन्शन काही बसत नाही यात."

ते रागावले नाहीत. पुढे कित्येक वर्षं सीताफळांच्या दिवसांत एक पिशवी आणून द्यायचे आणि जाताना टोपी काढून डोकं दाखवायचे, अजून विचार करा म्हणून.

पण असे लोक थोडे. गावात समज असा की फौजी नसलेलं दुखणं दाखवून सरकारला लुबाडतात. माझा अनुभव नेमका उलटा. असलेलं दुखणं लपवण्यात फौजीचा हात धरणारा कोणी नाही. लातूरला असताना व्यंकटराव नावाचे एक हवालदार माझ्याकडे आले होते, निलंग्याकडचे. तोफखान्यात उभी नोकरी केलेली, कान पार गेलेले. पण ओठ वाचण्यात इतके तयार की पहिले दोन दिवस मलाच शंका आली, याला खरंच ऐकू येत नाही का? शेवटी मी तोंडासमोर फाईल धरून विचारलं, "चहा घेणार?" गडी नुसता हसत बसला. तेव्हा खात्री पटली.

त्यांचं अपील मी झोकात लिहिलं, फेरतपासणीचा हुकूमही आला. तिथे काचेच्या खोलीत बसवतात, कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बोट वर करायचं. व्यंकटरावांनी काय केलं? काचेपलीकडे बटण दाबणाऱ्या माणसाचा खांदा हलला की बोट वर. हलला की वर. एकदाही चुकले नाहीत.

"परीक्षेत नापास व्हायची सवय न्हाई, साहेब," परत आल्यावर ते मला म्हणाले.

अपील फेटाळलं गेलं. त्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. ही गोष्ट मी पुढे किती जणांना सांगितली असेल त्याला गणती नाही. लग्नात, तेराव्याला, एसटीत. हुकमी हशा मिळायचा.

आता माझ्या मंत्राबद्दल सांगायला हवं. बोर्डासमोर जाणाऱ्या प्रत्येक माणसाला मी एक ठरावीक उपदेश करत असे. आदल्या दिवशी केस कापा. बुटाला पॉलिश मारा. पदकं लावा. छाती पुढे काढा. काठी-कुबडी असेल तर बाहेर ठेवून आत जा. विचारलेल्याला एका दमात उत्तर द्या, 'हां? काय म्हणलात?' करत बसू नका. फौजेत मी उभी हयात हेच पाहिलं होतं. गबाळा माणूस साहेबासमोर गेला की त्याला आधी झापतात आणि मग त्याचं ऐकतात. कडक माणसाचं आधी ऐकतात. तेव्हा सल्ला चोख होता आणि मला त्याचा अभिमान होता. नवीन माणसाला माझ्याकडे पाठवताना लोक सांगायचे, नुसतं लिहून देत नाहीत ते, तयार करून पाठवतात.

मग हवालदार दिगंबर आले. उमरीजवळच्या खेड्यातले, पन्नाशीच्या आतले, सरळ अंगाचे. ते दारातून आत आले तेव्हा मला काहीच वेगळं दिसलं नाही. खुर्चीपर्यंतची आठ-दहा पावलं नीट टाकली, बसताना फक्त टेबलाची कड धरली. नंतर शिपायाने सांगितलं तेव्हा कळलं, काठी बाहेर माठाजवळ भिंतीला लावून आले होते. मी मनात म्हटलं, शिस्तीचा माणूस आहे, सांगावं लागलं नाही.

डोंगराळ मुलखात रेशनचा ट्रक दरीच्या कडेला उलटला होता आणि हे त्यात होते. गुडघ्यात पट्टी, मांडीत सळई. अपघात नोकरीत झाला हे सगळ्यांना मान्य होतं, कागदही पुरे होते. अडलं होतं टक्क्यांवर, विसाच्या खाली लिहिले होते.

"पेन्शनीची फिकीर न्हाई, साहेब," दिगंबर म्हणाले. "नोकरीची पेन्शन हाय. दोन एकर हाय. पण गावात लोकं काय बोलून राहिलेत ते तुमाला ठाव न्हाई."

"काय बोलतात?"

त्यांनी खाली बघून सांगितलं. सरकार म्हणतं याला विशेष काही झालेलं नाही. मग हा लंगडतो कशानं? तर सुट्टीवर आला होता तेव्हा पिऊन मोटारसायकलवरून पडला असणार. स्टँडवरच्या हॉटेलात ही गोष्ट रोज चहाबरोबर वाटली जायची, आणि ती सांगणारा त्यांच्याच वर्गातला मित्र होता. दिगंबर यांनी त्या हॉटेलात बसणं सोडलं होतं. त्यांनी जन्मात दारूला हात लावलेला नव्हता.

मी अपील लिहिलं. फेरतपासणीचा हुकूम आला. मी मंत्र दिला, केसापासून काठीपर्यंत. ते म्हणाले, "जी साहेब," आणि एकटेच गाडीत बसून लष्करी इस्पितळात गेले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. चाल सामान्य. गुडघा पूर्ण वाकतो. तक्रार विचारता 'ठीक आहे' असे सांगितले. सबब, खेदाने.

या वेळी त्यांच्याबरोबर त्यांची बायको आली, गयाबाई. ठेंगणी, नऊवारीतली, हातात रिकामी पिशवी. तिने खुर्ची घेतली नाही, सरळ माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तिथून आल्यावर चार रोज खाटंवर पडून व्हते, साहेब. गुडघा कोहळ्यावाणी सुजला व्हता. हे काय लिव्हलंय मग, चाल सामान्य?"

"दिगंबरराव, तुम्ही डॉक्टरांना काय सांगितलं?"

"ठीक हाय म्हणलो, साहेब."

"आणि गुडघा?"

"वाकव म्हणले. वाकवला."

"दात खाऊन वाकवला आसंल," गयाबाई म्हणाली. "घरी तर बाजंवरून उठतानी माझा खांदा धरतेत."

"आणि काठी कुठे होती?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं होतं.

"बाहीर, साहेब. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. हुकूम पाळल्याचं समाधान होतं त्यात, आणि तेच मला झोंबलं. माझे वडील दुसऱ्याच्या शेतावर सालगडी होते. मालकाच्या दारी गेले की वहाणा बाहेर काढून अंगणातच उभे राहायचे, आणि मलाही तसंच उभं करायचे. पुढे आमच्या वस्तीवर विहार झाला, आम्ही पोरं शिकलो, मी नोकरीला लागलो तेव्हा ते म्हणाले होते, "आता तुला काही बाहेर ठेवून आत जावं लागणार न्हाई." आणि मी इतकी वर्षं खुर्चीत बसून लोकांना काय शिकवत होतो, तर काठी बाहेर ठेवा. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या अपिलात मी एक गोष्ट केली जी माझ्या उभ्या कारकिर्दीत केली नव्हती. शंभराच्या बाँडवर स्वतःचं शपथपत्र जोडलं. अर्जदार काठीशिवाय चालू शकत नाही. त्याने काठी बाहेर ठेवली ती माझ्या सांगण्यावरून. तो 'ठीक आहे' म्हणाला कारण त्याला दुसरं उत्तर शिकवलेलंच नाही. आमच्या हेडक्लार्कने ते वाचून कपाळाला हात लावला.

"आपल्या हाताने आपली चूक बाँडवर कोण लिहितं हो? निवृत्तीला किती दिवस राहिलेत तुमच्या?"

"थोडेच राहिलेत, म्हणून तर लिहितो," मी म्हणालो. खरं म्हणजे मीही घाबरलो होतो.

अपील मंजूर झालं आणि आणखी एक तपासणी लागली. ही शेवटची, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. यातही चाल सामान्य निघाली की हॉटेलातली गोष्ट कायमची खरी ठरणार. मी रजा टाकून बरोबर गेलो. गाडीत गयाबाईने ज्वारीचे धपाटे काढले. मी दिगंबर यांना नवा मंत्र पढवत होतो. दुखतं तर दुखतं म्हणा. वाकत नसेल तर वाकवू नका. काठी हातात ठेवा. ते मान हलवत होते.

"जमंल ना?" मी विचारलं.

"साहेबासमोर काठी टेकत जायचं म्हंजे..." एवढंच बोलून ते खिडकीबाहेर बघू लागले.

नाव पुकारलं आणि व्हायचं तेच झालं. गडी उठला, काठी बाकाला लावली आणि खाडखाड चालत आत गेला. आत जाऊन सावधान उभा. मी कपाळ बडवून घेतलं. गयाबाईने काठी उचलली, पदर खोचला आणि कोणाला न विचारता त्यांच्यामागे आत शिरली. तिच्यामागे मी.

समोर बोर्डाच्या डॉक्टर, एक बाई होत्या, कर्नल, केस पांढरे, चष्मा नाकावर. त्यांच्या पुढ्यात माझं शपथपत्र उघडं होतं.

"काठी बाहर किसने रखवाई थी?"

"मैंने, मॅडम."

"फौज में क्लर्क थे?"

"जी, मॅडम."

"दिखता है," त्या म्हणाल्या आणि दिगंबर यांच्याकडे वळल्या. "दर्द होता है?"

"ठीक है, मॅडम."

"सीढ़ी चढ़ लेते हो?"

"ठीक है, मॅडम."

"रात को नींद आती है?"

"ठीक—"

"काईच ठीक न्हाई!" गयाबाईचा आवाज कॉरिडॉरपर्यंत गेला असेल. "बाई, ह्यांला काय इचारू नका, मला इचारा. सकाळी उठतानी माझा खांदा लागतोय. पायऱ्या उतरतानी उलटं उतरतेत, कुणी बघत न्हाई बघून. काठी कोठीमागं लपवून ठिवतेत, घरी पाव्हणा आला की."

मी एकेक वाक्य हिंदीत सांगत गेलो. दिगंबर सावधानच्या सावधान, पण मान लाल झाली होती. बायकोने भर परेडीत चुगली करावी यापरीस ट्रक पुन्हा उलटलेला त्यांनी पत्करला असता.

कर्नलबाईंनी त्यांना झोपवलं आणि टेप काढली. दोन्ही मांड्या मोजल्या. जो पाय माणूस वापरत नाही त्याची मांडी बारीक होत जाते, त्यात लपवालपवी चालत नाही. फरक मलाही लांबून दिसला. मग त्यांनी गुडघा स्वतःच्या हाताने वाकवला, हळू, आणि बघत राहिल्या त्यांच्या तोंडाकडे. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी त्यांनी पेन उचललं.

दिगंबर उठले, सॅल्यूट ठोकला आणि दाराकडे निघाले. काठी टेबलाला टेकलेलीच.

"हवालदार!"

ते थांबले.

"सिपाही अपना हथियार छोड़कर जाता है क्या?"

फौजेत हत्यार विसरणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. झोपताना उशाशी, जेवताना मांडीशी, पण सोडायचं नाही हे पहिल्या दिवसापासून हाडात भिनवलेलं असतं. दिगंबर वळले. काठी घेतली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तिच्यावर भार देत बाहेर गेले. पहिल्यांदाच मी त्यांना त्यांच्या खऱ्या चालीनं चालताना पाहिलं. डावा पाय चांगलाच ओढत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कर्नलबाईंना दिसलं असावं, कारण त्यांनी मला हाताने 'जा आता' अशी खूण केली.

पत्र आलं त्यात खेद नव्हता. टक्के विसाच्या बरेच वर होते आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं, सेवेतील दुखापत, काठीच्या आधाराशिवाय चालणे अशक्य. असं वाचून कोणी पेढे वाटले असतील तर ते दिगंबर यांनीच. गयाबाईने मला पुढची हकीकत सांगितली. ते पत्र घेऊन थेट स्टँडवरच्या हॉटेलात गेले, काठी टेकत, आणि त्या वर्गमित्राच्याच हातात देऊन म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच." त्याने वाचलं. मग त्यानेच चहा सांगितला. पुढे एकदा ते आमच्या कार्यालयात आले तेव्हा नवीन शिपाई म्हणाला, मामा, काठी बाहेर ठेवा. हे म्हणाले, "हत्यार हाय ते, बाबा. बाहीर ठेवत नसतेत."

ही गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने निवृत्त झालो असतो. निरोपसमारंभात तीच सांगितली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी म्हणालं, आता ती दुसरी होऊन जाऊ द्या, त्या बहिऱ्याची, बोटवाल्याची. मी उभा राहिलो, तोंड उघडलं आणि गोष्ट सांगता येईना. 'हां? काय म्हणलात? करत बसू नका' हे व्यंकटरावांना कोणी सांगितलं होतं? त्यांची फाईल बंद झाली तेव्हा मी हसलो होतो. दुसरं अपील करू असं म्हणालो नव्हतो.

निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात मी लातूरची एसटी धरली आणि तिथून निलंग्याकडची. व्यंकटराव ओट्यावर बसून आतला टीव्ही बघत होते. टीव्हीचा आवाज बंद होता.

"या या साहेब! लई दिसानं!" त्यांनी मला लांबूनच ओळखलं. चेहऱ्याकडे बघत गप्पा सुरू केल्या. पाऊसपाणी, सोयाबीन, माझी पोरं. एकही उत्तर चुकलं नाही. त्यांची बायको चहा घेऊन आली. मी उठून भिंतीवरच्या त्यांच्या पलटणीच्या फोटोकडे गेलो आणि त्यांच्याकडे पाठ करूनच विचारलं, "व्यंकटराव, पोरांशी, नातवंडांशी बोलणं होतं का हो?"

काही उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर ते माझ्या पाठीकडे बघून हसत होते आणि त्यांची बायको खाली मान घालून उभी होती. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. हसू ओसरलं.

"काई इचारलं का तुमी?" ते हळूच म्हणाले. "नातू फोनवर बोलतोय, साहेब. फोनवर व्हट दिसत न्हाईत."

मी बॅगेतून कोरे कागद काढले. मुदत केव्हाच उलटून गेली होती. अशा वेळी आधी विलंब माफ करावा म्हणून अर्ज करावा लागतो आणि त्यात विलंबाचं कारण द्यावं लागतं. आजवर मी तिथे आजारपण, शेतीची कामं, पत्ता बदलणं, काय वाटेल ते लिहिलं होतं. या वेळी लिहिलं, अर्जदारास चुकीचा सल्ला देण्यात आला. खाली सल्ला देणाऱ्याचं नाव लिहिलं, माझं, आणि सही केली.

अर्ज मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. पण निघताना व्यंकटरावांनी दारात मला थांबवलं.

"बोलावलं तर ह्या टायमाला कसं जायाचं, साहेब?"

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणालो, "काचेकडे पाठ करून बसा. बटणवाल्याकडं बघायचं नाही. आणि ऐकू आलं नाही, तर बिनधास्त विचारा."

त्यांनी हात कानामागे नेला, मान पुढे केली आणि शेजारच्या गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "हां? काय म्हणलात?"

आणि बायकोकडे बघून डोळा मारला.